दुपारी दोनचा रकाना

"शून्यापासून नऊपर्यंत आकडे लिहून दाखव," मेट्रनबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यापुढे एक कोरा कागद सरकवला.

मला वाटलं, थट्टा करताहेत. टेबलावर माझी फाइल पडली होती. तीत चार वर्षांच्या गुणपत्रिका, नोंदणीचं प्रमाणपत्र, प्राचार्यांचं शिफारसपत्र, आणि प्रत्येकाला आईने घातलेलं वेगळं प्लॅस्टिकचं कव्हर. बाईंनी फाइल उघडलीसुद्धा नव्हती. बेशुद्ध पेशंटचं तोंड कसं साफ कराल, रक्त चढवताना काय काय तपासाल, अशी सगळी उत्तरं मी घोकून आले होते, आणि या मला बालवाडीत बसवत होत्या.

मी आकडे लिहिले. बाईंनी चष्मा कपाळावर सारून कागद डोळ्यांजवळ नेला. माझ्या सातच्या पोटात एक बारीक आडवी रेघ असते. त्या रेघेवर त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"सात पुन्हा काढ."

मी काढला.

"उद्या पावणेआठला ये," त्या म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून त्यांनी ती स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

त्याआधी नऊ ठिकाणी मला नकार मिळाला होता. नऊही ठिकाणी प्रश्न एकच, अनुभव किती? अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. एका ठिकाणी मी चिडून म्हणाले होते, "मग पहिली नोकरी माणसाने पोटातून करून यायची का?" त्यांनी पाणी विचारलं आणि दार दाखवलं. त्यामुळे दहाव्या ठिकाणी अनुभवाचा विषयही निघाला नाही, याचं मला नवल वाटण्याऐवजी हायसं वाटलं. आनंदात माणूस चौकशा करत नाही. जिना उतरेपर्यंत मी आईला फोन केला होता, आणि मी घरी पोचेपर्यंत आईने चाळीस बिऱ्हाडांना सांगितलं होतं. बाबा निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांनी माझे पांढरे बूट काढले आणि अंगणात बसून ते घासायला घेतले.

"आता माझ्या मनगटाला सुट्टी," ते म्हणाले. "चार वर्षं हिने नुसती माझी नाडी मोजली. एवढ्यात एखादी घोडी शर्यत जिंकली असती."

हॉस्पिटल लहान होतं. दोन मजले, अठरा खाटा, आणि मधून जाणारा एक लांबलचक व्हरांडा. तिथे ऑपरेशनं होत नव्हती, बाळं जन्मत नव्हती. बरे होत नाहीत आणि जातही नाहीत अशी माणसं तिथे महिनोन् महिने पडून असत. सकाळी आठला सगळ्या खिडक्यांतून सारखं ऊन येई आणि सगळ्या चादरींवर सारखं पडे. कुणी खोकलं तर तो खोकला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. एवढ्या शांततेची मला सवय नव्हती. आमच्या चाळीत माणूस शिंकला तर तीन घरांतून काळजी विचारतात.

"नवीन एप्रन शिवून यायला वेळ आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "तोवर हा घाल."

एप्रन धुऊन इस्त्री केलेला होता. खिशावर लाल दोऱ्याने कुणाचं तरी नाव भरलेलं होतं. मी हात घातले. खांदे, बाह्या, कमर, सगळं माझ्या मापाचं. माझ्या आईने मला शिवलेलं काहीही आजवर असं बसलेलं नाही. खिशात अर्धं झालेलं निळं पेन होतं.

तो घालून मी व्हरांड्यात आले, तर समोरून चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या आयामावशी जागच्या जागी थबकल्या. ट्रेमधले कप एकमेकांवर वाजले.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. मग हळूच जवळ आल्या. "तुम्ही होय. मला वाटलं, आल्या परत."

"कोण?"

मावशींनी माझ्या खिशावरच्या नावाकडे बोट केलं. त्या सिस्टर तिथे अकरा वर्षं होत्या. या महिन्याच्या पाच तारखेला दुपारी त्यांनी ड्यूटी संपवली, एप्रन खुंटीला लावला, घरी गेल्या, जेवून आडव्या झाल्या आणि उठल्याच नाहीत. ताप नाही, खोकला नाही. "आदल्या दिवशी मला म्हणाल्या, मावशी, सगळं लिहून ठेवलंय हं मी," मावशी सांगत होत्या. "मी म्हटलं, काय लिहिलंय? तर हसल्या नुसत्या."

पाच नंबरच्या खाटेपाशी मला कळलं, काय लिहिलं होतं ते.

पाच नंबरवर एक शिंपीकाका होते. सत्तरीचे, अंगाने बारीक. तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली, आणि वाचाही गेली. समज मात्र पूर्ण होती. मी "नमस्कार काका, मी नवीन सिस्टर," म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग खिशाकडे बघितलं, आणि पुन्हा चेहऱ्याकडे. नंतर मला कळलं, हॉस्पिटलचे सगळे एप्रन तेच शिवत असत. तो लाल दोऱ्याचा टाकाही त्यांचाच.

मी त्यांच्या पायथ्याचा चार्ट उचलला. अकरा तारीख, सकाळी आठ. रकाना भरलेला होता.

नाडी ७६. रक्तदाब १३० खाली ८०. श्वास १८. सूज नाही. फक्त सहीची जागा मोकळी. मला वाटलं, कुणीतरी माझ्याआधी येऊन मोजून गेलं. मग मी खालचा रकाना बघितला. दुपारी दोन, भरलेला. रात्री आठ, भरलेला. बारा तारीख, तेरा, चौदा. पान उलटलं. आकडे ओळीने चालले होते, चोवीस तारखेच्या दुपारी दोनपर्यंत. त्यापुढे पान कोरं.

आणि प्रत्येक सातच्या पोटात एक बारीक आडवी रेघ होती. क्षणभर मला खरंच वाटलं, हे मीच लिहिलंय आणि विसरलेय.

मी चार्ट घेऊन तशीच मेट्रनबाईंकडे गेले. त्या औषधांची यादी करत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तपासणी येणार आहे. पानं भरून ठेव, असं मीच सांगितलं होतं तिला," त्या म्हणाल्या. "रिकामे रकाने दिसले की ते लोक डोकं खातात. तिच्यामागे बाकीच्यांचे चार्ट आम्ही बदलले. पाच नंबरचा राहिला."

"मग मी नवीन लिहू?"

"आधी मोज, मग ये."

मी परत गेले. काकांच्या खाटेची उजवी बाजू व्हरांड्याकडे होती. त्यांचं निर्जीव मनगट हातात घेऊन मी पंधरा सेकंद मोजले आणि चारने गुणलं. शहात्तर. डाव्या दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप लावला, हवा सोडली. एकशे तीसला ठोका सुरू झाला आणि ऐंशीला विरला.

मी पुन्हा चार्टकडे बघितलं.

"जुळलं ना?" मेट्रनबाई दारातून म्हणाल्या. त्या केव्हा येऊन उभ्या राहिल्या, मला कळलं नव्हतं. "रोज जुळतंय. तिचे आकडे अकरा वर्षांत कधी चुकले नाहीत. जुळतंय तर खोडायचं कशाला? सही कर. आणि चोवीसपासून पुढे तू लिही. एकाच हाताचं दिसलं पाहिजे."

अक्षरावरून मला नोकरी का मिळाली, ते तेव्हा कळलं. मी सही केली. नऊ दारं बघून आलेल्या माणसाला दहाव्या दारात भांडायचा धीर होत नाही, आणि खोटं तरी काय होतं त्यात? मोजलं होतं मी. जुळलं होतं.

कॉलेजात आमच्या ट्यूटरबाईंचा एक नियम होता. मोजण्याआधी वरचा आकडा बघायचा नाही, चार्टवर तळहात ठेवून तो झाकायचा. कुणी विसरलं तर पट्टी बसायची बोटांवर. पण तिथे झाकायचा तो आधीचा आकडा. इथे पुढचंच लिहून ठेवलेलं. पुढचं झाकायला मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला ते झाकायचंच नव्हतं. सकाळी उठल्याबरोबर माझ्या मनात पहिला विचार त्या चार्टचा यायचा. आज काय लिहिलंय आणि जुळेल का? ७२ लिहिलेलं असलं की बहात्तर भरायची. ८० असलं की तेवढी. सोळा तारखेला दुपारी दोनच्या रकान्यात ताप ९९.४ होता. काकांना एरवी ताप नसे. मी थर्मामीटर लावला. तो वाजला, आणि मी बघितलं. ९९.४. थर्मामीटरला वाचता येत नाही. त्या दिवशी मी सही केली तेव्हा पेन हातात ओलं लागलं.

डॉक्टर सकाळी दहाला येत. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून ते चार्ट वाचत, "उत्तम. आहे तसंच चालू ठेवा," म्हणत आणि पुढच्या खाटेकडे वळत.

मला मात्र एका गोष्टीचा त्रास होत होता. मी काकांची नाडी धरली, की त्यांच्या डाव्या हाताचं बोट पलंगाच्या लोखंडी कठड्यावर वाजू लागे. टक, टक-टक. मग मध्येच काही नाही. मग घाईघाईने टक-टक-टक. त्या शांत व्हरांड्यात तो आवाज लांबवर जाई. तो आवाज चालू असताना त्यांचे डोळे माझ्यावर खिळलेले असत. पापणी हलत नसे.

"सवय आहे त्यांची," मावशी म्हणाल्या. "ह्या महिन्यातच लागली. त्या सिस्टर गेल्यापासून." आणि आवाज खाली आणून त्यांनी पुढे जोडलं, "माझं ऐकाल तर लक्ष देऊ नका. कुणाला बोलावत असतील, सांगता येत नाही."

मला मोजायला अडचण व्हायची. त्या वाकड्यातिकड्या टकटकीत माझी मोजणी चुकायची. म्हणून तिसऱ्या दिवसापासून मी एका हाताने त्यांची नाडी धरायची आणि दुसऱ्या हाताने त्यांचं ते बोट. हळूच, पण घट्ट. "एक मिनिट हं काका," म्हणायची. बोट माझ्या मुठीत धडपडायचं. मग मोजणी बरोबर यायची.

काकांची मुलगी रोज बाराला येई. वडिलांचं दुकान आता तीच चालवत होती. तिच्या केसांत, बाहीवर, कुठेतरी दोऱ्याचा तुकडा चिकटलेला असायचाच. बोलायला मोकळी. ती वडिलांना भरवता भरवता माझ्याशी गप्पा मारायची.

"बाबांचं मशीन चालू असायचं ना, तेव्हा आम्ही पोरं बाजूला दंगा घालायचो," तिने एकदा सांगितलं. "पण एक टाका सुटला तरी बाबा थांबायचे. न बघता. कानाला कळायचं त्यांच्या. म्हणायचे, चाल चुकली."

अठरा तारखेला ती म्हणाली, "सिस्टर, बाबांच्या मोज्यांचे वळ उठताहेत बघा पायांवर. मी इलॅस्टिक सैल करून आणलं, तरी उठतात."

मी चार्ट बघितला. पाय नाही, चार्ट.

"सूज नाहीये हो ताई," मी म्हणाले. "लिहिलंय ना इथे."

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "तुम्हाला जास्त कळतं."

हे वाक्य मला आजही अधूनमधून ऐकू येतं.

दिवस चोवीसकडे सरकत होते, तशी मी रोज पान उलटून शेवटचा रकाना बघू लागले. चोवीसच्या दुपारी दोननंतर काही लिहिलेलं नव्हतं, आणि त्या कोऱ्या जागेचा अर्थ मी माझ्या मनाने लावला होता. मावशींनीही लावला होता. त्या पाच नंबरवरची चादर बदलताना आता पुटपुटत असत. "तिथे काही शाई संपली नव्हती सिस्टर," एकदा त्या मला म्हणाल्या. "पेन तर तुमच्या खिशात आहे." मी घरी गेल्यावर तो एप्रन कपाटात ठेवत नसे. बाहेर दोरीवर ठेवायची.

एकवीस तारखेला दोनची नोंद करून, सही करून मी घरी आले. जेवणं झाली. बाबा खुर्चीत बसले होते, आई भांडी आवरत होती. माझा चेहरा बघून बाबांनी मनगट पुढे केलं.

"घ्या डॉक्टरीणबाई. आज दवाखान्यात जाऊन आलो. कंपाउंडर म्हणाला, नाडी चौऱ्याऐंशी, जरा जास्त आहे. बघ बरं."

मी मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पंधरा सेकंद मोजले. एकवीस.

"चौऱ्याऐंशीच," मी म्हणाले. "जिना चढताना दम लागतो का?"

बाबा खो खो हसत सुटले. त्यांनी आईकडे बघून टाळीसाठी हात पुढे केला. "बघितलंस? हरली! अगं, गेलोय कुठे मी? सकाळपासून या खुर्चीतून हललो असेन तर विचार आईला. थाप मारली."

मी हसले नाही. मी पुन्हा मनगट धरलं, तोंड भिंतीकडे केलं आणि पूर्ण एक मिनिट मोजलं. एकाहत्तर. परत मोजलं. बहात्तर. चार वर्षं जे मनगट मी डोळे मिटून वाचत होते, त्याने थाप मारली आणि माझी बोटं त्या थापेला हो म्हणाली.

"काय गं?" बाबांचं हसू थांबलं. "थट्टा केली मी. रागावलीस?"

मी बूट घालायला लागले. मला समोर काहीच दिसत नव्हतं, फक्त लोखंडी कठड्यावरचं एक बोट दिसत होतं.

हॉस्पिटलमध्ये पोचले तेव्हा चार वाजले होते. दुसऱ्या पाळीच्या सिस्टर खाली चहा पीत होत्या. एप्रन न घालताच मी पाच नंबरपाशी गेले, चार्ट उपडा करून खाटेवर ठेवला आणि वर तळहात दाबला. काका जागे होते. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांचं बोट वाजायला लागलं. टक, टक-टक. थांबलं. टक-टक-टक.

या वेळी मी बोट धरलं नाही. मी घड्याळाकडेही बघितलं नाही. मी नुसती ऐकत राहिले आणि बोटांखाली काय लागतंय ते बघत राहिले. कठड्यावर टक वाजलं की माझ्या बोटांखाली ठोका. कठड्यावर थांबलं की बोटांखालीही रिकामं. काही ठोके मनगटापर्यंत पोचतही नव्हते, ते फक्त कठड्यावर वाजत होते. मी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. आत टाके सुटत होते, धावत होते, पुन्हा सुटत होते. मिनिटाला एकशे चोवीस. दंडाला पट्टा बांधला. शहाण्णव खाली साठ. मोजे काढले आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलल्यावर तिथे खड्डा राहिला.

ते कुणालाही बोलावत नव्हते. चाल चुकलीय हे ते मला सांगत होते. दिवसातून दोनदा. आणि मी त्यांचं तोंड दाबावं तसं त्यांचं बोट दाबत होते.

"काका," मी म्हणाले, "कळलं मला."

बोट थांबलं. मी दचकून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते, पण आता पापणी हलत होती. त्यानंतर त्यांनी कठडा वाजवला नाही.

मी मेट्रनबाईंना बोलावलं. त्यांनी स्वतः स्टेथोस्कोप लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या वाईट बाई नव्हत्या. अठरा खाटा आणि चार माणसं घेऊन वीस वर्षं त्या ते हॉस्पिटल ओढत होत्या. "रोज जुळत होतं," त्या म्हणाल्या. "तू म्हणालीस, जुळतं." मी मान हलवली. त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, मोठ्या हॉस्पिटलची गाडी मागवली. पाऊण तासात काकांना न्यायला गाडी आली. स्ट्रेचरबरोबर मी फाटकापर्यंत धावले. मुलगी दुकानातून तशीच आली होती, गळ्यात टेप लटकत होता. तिने गाडीत चढता चढता माझा हात घट्ट धरला. "तुमच्या लक्षात आलं म्हणून, सिस्टर," ती म्हणाली. "ड्यूटी संपल्यावर परत आलात तुम्ही."

मला काहीतरी बोलायचं होतं. गाडीचं दार लागलं.

वर येऊन मी चार्ट घेऊन बसले. आमच्या कामात चूक खोडायची एक रीत असते. गिरवायचं नाही, पांढरं लावायचं नाही, पान फाडायचं नाही. एक सरळ रेघ ओढायची, अशी की खालचं वाचता यावं, आणि शेजारी स्वतःची सही. मी अकरा तारखेपासून सुरुवात केली. अकरा दिवस, दिवसाला दोन, बावीस नोंदी. बावीस रेघा, बावीस सह्या. शेवटी लिहिलं, 'या नोंदी आधी लिहिलेले आकडे बघून केल्या. स्वतंत्रपणे मोजलेल्या नाहीत.' सात कुठे लिहावा लागला नाही, एवढंच बरं वाटलं.

मेट्रनबाई मागे उभ्या राहून बघत होत्या.

"हे पान असं राहिलं तर तुझी नोकरी राहणार नाही," त्या म्हणाल्या. आवाजात धमकी नव्हती. एखादीला बस चुकेल असं सांगावं तसं त्या सांगत होत्या. "माझीही राहील की नाही, माहीत नाही. नवीन पान घेतलंस तर कुणालाही कळणार नाही."

"काकांना कळलंय," मी म्हणाले.

त्यांनी पान घेतलं, वाचलं, आणि फाइलला लावलं. फाडतील असं मला वाटलं होतं. "महिनाअखेरपर्यंत ये," त्या म्हणाल्या.

चोवीसला दुपारी मी पाच नंबरच्या रिकाम्या खाटेपाशी उभी होते. गादी उन्हात टाकायला नेली होती, नुसत्या लोखंडी पट्ट्या राहिल्या होत्या. दोन वाजले. कुणी खोकलं नाही. मी कठड्यावर हात ठेवला. तो गार होता, एवढ्या उन्हातही.

काकांची मुलगी सव्वीसला आली. वडिलांची चादर, ताटली, चष्मा न्यायला. तिने केस घट्ट बांधले होते, कुठेही दोरा चिकटलेला नव्हता. मी विचारायच्या आधीच तिने सांगितलं.

"परवा गेले. दुपारी दोन वाजून गेले होते." मग म्हणाली, "तिथले डॉक्टर म्हणाले, आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर औषधाने आवरलं असतं. पण तुम्ही तरी काय करणार? तुमच्या लक्षात आलं त्याच दिवशी तुम्ही धावलात."

मी गप्प राहू शकले असते. मेट्रनबाई माझ्याकडे बघत होत्या. मी फाइल काढली, ते पान तिच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. भरून ठेवलेले आकडे, माझ्या सह्या, बाबांची थाप. तिने एकेका रेघेवरून बोट फिरवलं, कापडावर खडूची खूण बघावी तसं. बावीसही रेघा बघितल्या. मग विचारलं,

"ते बोट वाजवायचे ना कठड्यावर. ते ऐकू यायचं तुम्हाला?"

"यायचं."

"रोज?"

"रोज. मी ते बोट धरून ठेवायची, ताई. मोजायला अडचण व्हायची म्हणून."

व्हरांडा इतका शांत होता की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. मला वाटलं, ही आता ओरडेल, आणि मी मनातून त्याची वाट बघत होते. तिने फाइल बंद केली. तिची नजर माझ्या खिशावर गेली, लाल दोऱ्याच्या नावावर.

"बाबांचा टाका आहे हा," ती म्हणाली. "काढा एप्रन."

मी काढून दिला. ती काकांच्या खाटेच्या पट्टीवर बसली, तिने पर्समधून छोटी उसवणी काढली आणि नाव उसवायला घेतलं. घाई केली नाही. एकेक टाका उचलायची, तोडायची, ओढून काढायची. लाल दोऱ्याचे तुकडे तिने एका रुमालात जमा केले. शेवटचं अक्षर निघालं तेव्हा रुमालाची गाठ मारून तिने तो पर्समध्ये टाकला आणि एप्रन माझ्या हातात दिला.

"धुतल्यावर भोकं बुजतील," ती म्हणाली, आणि चादर, ताटली, चष्मा घेऊन निघाली. तिने माझा हात धरला नाही.

महिनाअखेरीस मी तिथून निघाले. मेट्रनबाईंनी तो एप्रन परत मागितला नाही. अकराव्या ठिकाणी त्यांनी विचारलं, अनुभव किती? मी म्हणाले, वीस दिवस. का सोडलंत? तेही मी सांगितलं, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी मला घेतलं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. चार्ट हातात आला की माझा तळहात आपोआप वरच्या आकड्यावर जातो.

एप्रन अजून माझ्याकडे आहे. किती वेळा धुतला त्याची गणती नाही. कापड विरलं, बाह्या पिवळ्या पडल्या. खिशावर बोट फिरवलं की सुईची भोकं अजून लागतात.